साठा संपल्याची समजूत

उतारवयात पुरुषाच्या कामशक्तीला ओहोटी लागली की शरीरातला कसला तरी साठा आटला, असे बहुतेकांना वाटते. पूर्वी हा साठा वीर्याचा मानला जाई, मग तो ग्रंथींचा झाला, मग संप्रेरकांचा आणि आता पेशींचा. साठा आटला असेल तर विहिरीत टँकर रिकामा करावा तसा तो बाहेरून भरताही येईल, हे ओघानेच आले. ‘मूलपेशींनी पुनर्यौवन’ या नावाखाली आज जगभर जे उपचार विकले जातात ते या समजुतीवर उभे आहेत. त्यांना नाक मुरडणारेही पुष्कळदा तीच समजूत उराशी धरून बोलतात. त्यांचा निष्कर्ष फक्त उलटा असतो: साठा संपला, आता नामस्मरणाला लागावे.

माझ्या मते या दोन्ही बाजू उथळ आहेत. वयाबरोबर पुरुषाच्या लैंगिक क्षमतेत जो फरक पडतो तो एका साठ्याचा ऱ्हास नसतो. रक्तवाहिन्या, मज्जातंतू, स्नायू, संप्रेरके, चालू असलेली औषधे, झोप, मन आणि जोडीदार यांच्यातल्या निरनिराळ्या बिघाडांची ती बेरीज असते, आणि ही बेरीज प्रत्येकाच्या बाबतीत वेगळी निघते. म्हणून ‘वयामुळे आलेल्या दुर्बलतेवर पेशी-उपचार’ ही मागणीच चुकीच्या निदानातून जन्मलेली आहे. एखाद्या ठरावीक इजेवर, मोजूनमापून, मूलपेशींचा उपयोग कदाचित होईल. त्यासाठीचे संशोधन खरे आहे आणि ते पुढे गेले पाहिजे. ‘वय’ नावाच्या रोगावर मात्र तो होणार नाही, कारण असा एक रोगच नाही.

१. जुनीच कल्पना, नवे साहित्य

१८८९ च्या जून महिन्यात पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे शार्ल एदुआर ब्राऊन-सेकार या ७२ वर्षांच्या शास्त्रज्ञाने एक निवेदन केले. कुत्र्यांच्या आणि गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क त्याने स्वतःला टोचून घेतला होता आणि त्यानंतर आपली ताकद, कामाचा उत्साह, लघवीची धार, सारेच सुधारले असे त्याचे म्हणणे होते. ब्राऊन-सेकार भोंदू नव्हता. अधिवृक्क ग्रंथींवाचून प्राणी जगत नाही हे प्रयोगांनी दाखवणारा तो मान्यवर संशोधक होता. त्याने जे अनुभवले ते प्रामाणिकपणे सांगितले आणि काही महिन्यांतच युरोप-अमेरिकेत अशा अर्कांचा सुळसुळाट झाला. २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याच्याच कृतीने अर्क बनवून तपासला, तेव्हा त्यात टेस्टोस्टेरॉन इतके अत्यल्प निघाले की त्याचा शरीरावर परिणाम होणे शक्यच नव्हते. वृषण हे संप्रेरक तयार करतात, साठवून ठेवत नाहीत. शिवाय ते पाण्यात फारसे विरघळतही नाही. ब्राऊन-सेकारला जाणवलेली सुधारणा अपेक्षेतून आली होती. संशोधकाची सचोटी कितीही निर्विवाद असली तरी ती पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, आणि लैंगिक क्षमतेच्या बाबतीत तर अजिबातच नाही.

पुढची चाळीस वर्षे याच वाटेने गेली. व्हिएन्नाच्या ऑयगेन श्टाइनाखने वीर्यवाहिनी बांधून वृषणातला संप्रेरकाचा स्राव वाढतो असे मांडले. ती शस्त्रक्रिया फ्रॉइडने १९२३ साली आणि कवी येट्सने १९३४ साली करून घेतली. पॅरिसमध्ये सर्ज व्होरोनॉफ १९२० पासून वानरांच्या वृषणांच्या चकत्या श्रीमंत वृद्धांच्या वृषणकोशात बसवू लागला. अमेरिकेत कॅन्सस राज्यात जॉन ब्रिंकलीने बोकडाच्या ग्रंथी बसवण्याचा धंदा थाटला आणि स्वतःच्या रेडिओ केंद्रावरून त्याची जाहिरात केली; १९३० साली त्याचा परवाना रद्द झाला. स्वित्झर्लंडचा पॉल नीहान्स १९३१ पासून प्राण्यांच्या ‘ताज्या पेशी’ टोचू लागला. पेशी-उपचार हा शब्दप्रयोग आजच्या प्रयोगशाळांच्या कितीतरी आधी रूढ झाला तो असा. आपली प्रतिकारशक्ती दुसऱ्या प्राण्याचे ऊतक नष्ट करते हे ज्ञान पुढे पक्के झाले आणि वानर-बोकडांचे पर्व मिटले. त्यामागची समजूत मात्र शाबूत राहिली.

आपल्या परंपरेतही ती आहे. अष्टांग आयुर्वेदात वाजीकरण हे स्वतंत्र अंग आहे. सुश्रुताच्या वाजीकरण-योगांत बोकडाचे वृषण दुधात शिजवण्याची कृती आहे. चरकाच्या चिकित्सास्थानात मात्र रसायनानंतरच्या दुसऱ्याच अध्यायात आणखी एक गोष्ट स्वच्छ सांगितली आहे: सर्वांत श्रेष्ठ वाजीकरण म्हणजे मनाला आनंद देणारी स्त्री. ही मांडणी पुरुषाच्याच बाजूने केलेली आहे, हे खरे. तरीही कामशक्ती ही एकट्या पुरुषाच्या देहात कोंडलेली वस्तू नसून ती दोघांच्या मध्ये घडते, एवढे तरी त्या ग्रंथाने ओळखले होते. या दोन विचारांपैकी बाजाराने फक्त पहिला उचलला.

२. शरीरात नेमके घडते काय

ताठरता ही मुळात रक्ताभिसरणाची घटना आहे. मेंदूकडून किंवा स्पर्शातून आलेला संदेश शिश्नातल्या मज्जातंतूंपर्यंत पोचतो. ते मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्याने तिथला स्नायू सैल पडतो आणि धमन्यांतून रक्त वेगाने आत येते. फुगलेल्या ऊतकाने बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त आत टिकते. शरीरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू संदेशवाहक असतो, या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत व्हायग्राला मंजुरी मिळाली. हृदयशूळावर म्हणून शोधलेले हे औषध हाच स्नायू सैल ठेवण्याचे काम लांबवते.

वय वाढते तसे या साखळीचे वेगवेगळे दुवे कमजोर होतात. मधुमेहाने मज्जातंतू आणि अस्तर दोन्ही खराब होतात. तंबाखू, उच्च रक्तदाब आणि वाढलेल्या कोलेस्टेरॉलने धमन्या अरुंद होतात. स्नायूच्या जागी कोलॅजनचे कडक तंतू साचले की शिरा नीट दाबल्या जात नाहीत आणि रक्त निसटते. रक्तदाबाच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या यात भर घालतात. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत मज्जातंतू दुखावतात. पत्नीचे आजारपण, निवृत्तीनंतरची पोकळी, मुलांच्या संसारात उरलेली एक खोली, यांचाही हिशेब त्यात असतो. यातला कोणता दुवा तुटला हे न पाहता दिलेला उपचार म्हणजे अंदाजाने मारलेला खडा.

दोन आकडे शेजारी ठेवले की साठ्याची समजूत किती अपुरी आहे ते कळते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९८७ ते १९८९ या काळात ४० ते ७० वयाच्या पुरुषांची पाहणी झाली. त्यांतल्या ५२ टक्क्यांना ताठरतेची कमी-अधिक अडचण होती. युरोपातल्या आठ देशांत ४० ते ७९ वयाच्या पुरुषांचा अभ्यास होऊन २०१० साली त्याचे निष्कर्ष आले. टेस्टोस्टेरॉन कमी आणि त्याला जुळणारी लैंगिक लक्षणेही हजर, असे पुरुष तिथे २.१ टक्के निघाले. पाहण्या वेगळ्या, माणसे वेगळी, निकषही वेगळे, हे मान्य. पण अर्ध्या पुरुषांची अडचण आणि दोन टक्क्यांची खरी उणीव यांतली दरी पाहण्यांच्या फरकाने भरून निघणारी नाही. टेस्टोस्टेरॉन उतरते हे खरे, सरासरीने वर्षाला साधारण एक टक्का. परंतु बहुतेकांची अडचण त्यातून आलेली नसते.

शिश्नाच्या धमन्या एक ते दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन ते चारच्या. दोन्हींत एकच रोग असेल तर तो लहान नळीत आधी दिसतो. छातीत दुखण्याच्या दोन-तीन वर्षे आधी ताठरतेची तक्रार सुरू झाल्याचे हृदयरोग्यांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळले आहे. पन्नाशीच्या ज्या पुरुषाला ‘वय झाले’ म्हणून पेशींचे इंजेक्शन विकले जाते, त्याच्या हृदयाची वेळेवर दिलेली सूचना त्या इंजेक्शनाखाली दडपली जाते. या उपचारावरचा माझा सर्वांत मोठा आक्षेप हा आहे. पैशांचा प्रश्न त्याच्या पुष्कळ मागे येतो.

३. टोचलेल्या पेशी काय करतात

रुग्णाच्या चरबीतून किंवा अस्थिमज्जेतून, नाहीतर नवजात बाळाच्या नाळेतून पेशी घेतात आणि शिश्नाच्या पोकळ ऊतकात टोचतात. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहते ते असे की नव्या पेशी तिथे रुजतात, वाढतात आणि झिजलेल्या ऊतकाची जागा घेतात. उंदरांवरच्या प्रयोगांत असे दिसत नाही. मज्जातंतू चिरलेल्या किंवा मधुमेही केलेल्या उंदरांत सुधारणा दिसली आहे, आणि ती अनेक प्रयोगशाळांत दिसली आहे. पण टोचलेल्या पेशींतल्या बहुतेक काही दिवसांत नाहीशा होतात. जाण्यापूर्वी त्या जी प्रथिने आणि संदेश सोडतात त्यांनी दाह कमी होतो आणि शेजारच्या मज्जातंतूंच्या दुरुस्तीला हातभार लागतो, असा संशोधकांचा आजचा तर्क आहे. म्हणजे तिथे भर पडत नाही, थोडा वेळ एक निरोप दिला जातो. तो निरोप ऐकायला दुरुस्त होण्याजोगे ऊतक शिल्लक असावे लागते, आणि बिघाड करणारी साखर तशीच रक्तात असेल तर दुरुस्ती टिकणार कशी?

साठ्याची कल्पना सत्याच्या सर्वांत जवळ जाते ती वृषणातल्या लायडिग पेशींपाशी. टेस्टोस्टेरॉन त्यांतच तयार होते. त्यांच्या मूलपेशी उंदरांत रोपून संप्रेरकाची पातळी वर आणता आली आहे, आणि हे काम मला मोलाचे वाटते: बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनने शरीराची स्वतःची निर्मिती आणि शुक्रजनन दबते, ते इथे टळू शकेल. पण असा उपचार उद्या माणसात जमला तरी तो त्या थोड्या पुरुषांसाठी असेल ज्यांच्यात खरोखर संप्रेरकाची उणीव आहे.

४. माणसांवरचा पुरावा

कोरियात २०१० साली सात मधुमेही पुरुषांवर नाळेच्या रक्तातल्या पेशींचा प्रयोग प्रसिद्ध झाला. फ्रान्समध्ये २०१६ साली प्रोस्टेट काढलेल्या १२ पुरुषांना त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी दिल्याचा अहवाल आला. त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये अशाच शस्त्रक्रियेनंतरच्या १७ पुरुषांना स्वतःच्या चरबीतल्या पेशी टोचल्या, त्यांतल्या आठ जणांना पुन्हा संबंध ठेवता आले. हे जबाबदार संशोधन आहे. तिन्ही अभ्यास सुरक्षितता जोखण्यासाठी होते, आणि तिन्हींत खोटे इंजेक्शन दिलेला तुलनेचा गट नव्हता.

अशा गटावाचून इथे काहीच का ठरत नाही, ते व्हायग्राच्याच चाचणीत दिसते. १९९८ च्या मुख्य अभ्यासात औषध घेणाऱ्यांचे ६९ टक्के प्रयत्न यशस्वी झाले. बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांचेही २२ टक्के झाले. गोळीने एवढे होत असेल, तर मोठ्या खर्चाच्या, शस्त्रक्रियेच्या खोलीत दिलेल्या इंजेक्शनाने अपेक्षा किती वाढत असेल? त्यात प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर दुखावलेले मज्जातंतू दीड-दोन वर्षे आपोआपही सावरत असतात. रक्तातल्या प्लेटलेट्सचा अर्क टोचण्याचा प्रकार असाच लोकप्रिय झाला होता. मायामीत त्याची तुलनेच्या गटासह चाचणी झाली, २०२३ मध्ये निकाल आला, आणि खरे व खोटे इंजेक्शन यांत फरक आढळला नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हे रुग्ण कोण होते? शस्त्रक्रियेने जखमी झालेले आणि मधुमेहाने पोखरलेले. ज्याचे नुसते वय झाले आहे असा पुरुष त्यांत नाही. इजेवरचा अर्धाकच्चा पुरावा उचलून तो वार्धक्यावर विकणे, ही या बाजारातली मूळ उचलेगिरी आहे.

५. आक्षेप

*पेशी माझ्या, पैसे माझे, इतरांना काय?* ‘माझ्याच पेशी, त्यांनी काय अपाय होणार’ ही भाबडी समजूत आहे. फ्लोरिडात २०१५ साली तीन स्त्रियांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतल्या पेशी टोचल्या गेल्या आणि त्यांची दृष्टी गेली. पेशी शरीराबाहेर काढून, वितंचकांनी सुट्या करून, वेगळ्या जागी घातल्या की त्या औषध होतात. त्यांना औषधाचेच नियम लागले पाहिजेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे हेच सांगतात: रक्ताच्या विकारांतले मान्य प्रत्यारोपण सोडले तर मूलपेशींचा कोणताही वापर मंजूर चाचणीतच व्हावा. स्वातंत्र्याचा मुद्दा मी हलका मानत नाही. पण निवड स्वतंत्र व्हायची तर माणसाला विचारता, पडताळता आणि फसल्यावर तक्रार करता आली पाहिजे. या विषयात तो डॉक्टरला चारचौघांत विचारत नाही, घरी सांगत नाही आणि फसला तर पोलिसांत जात नाही. त्याचे हे गप्प राहणेच विक्रेत्याला हवे असते.

*प्रत्येक नवा उपचार सुरुवातीला असाच नसतो का?* अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाचे उदाहरण या ठिकाणी देतात. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये पहिले प्रयत्न प्रसिद्ध केले, पुढे कित्येक वर्षे अपयश पाहिले, आणि १९९० साली त्यांना नोबेल मिळाले. ते उदाहरण मला मान्य आहे, आणि ते माझ्याच बाजूचे आहे. ते रुग्ण मरणाच्या दारात होते, अपयश छापून सांगितले जात होते, आणि कोणी यशाची जाहिरात करून दर लावला नव्हता. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून प्रायोगिक उपचाराचे पैसे घेतले जात असतील, तर ती चाचणी राहत नाही.

*जीवनशैलीचा सल्ला वृद्धाच्या काय कामाचा?* नुसता ‘चाला आणि कमी खा’ एवढ्यावर कोणाची बोळवण करणे हा निष्काळजीपणा आहे. तरी सल्ल्यात काहीच नाही असेही नाही. इटलीत ५५ लठ्ठ पुरुषांना दोन वर्षे आहार-व्यायामाचे नीट मार्गदर्शन दिले, त्यांतल्या १७ जणांची क्षमता सामान्य झाली; नुसती माहिती दिलेल्या तेवढ्याच पुरुषांत हा आकडा तीन होता. त्यापुढे गोळ्या आहेत, निर्वात पंप आहे, शिश्नात घेण्याचे अल्प्रोस्टॅडिलचे इंजेक्शन आहे, आणि १९७० च्या दशकापासून वापरात असलेले, फुगवता येणारे रोपण आहे. हृदयावरची नायट्रेट औषधे घेणाऱ्याने व्हायग्रा घेतली तर रक्तदाब धोकादायक पातळीला उतरतो. त्याला दुसरा मार्ग दाखवायला डॉक्टर लागतो, दुकानदार नव्हे. एवढी शिडी समोर असताना पहिली पायरीही न दाखवता माणसाला थेट प्रयोगाच्या टेबलावर नेले जाते.

*या वयात हे हवेच कशाला?* हा आक्षेप सभ्य चेहऱ्याने येतो, म्हणून त्यावर मी अधिक कठोर आहे. साठी-सत्तरीतल्या माणसाला स्पर्शाची, जवळिकीची, कामसुखाची इच्छा असणे हा दोष नाही. त्याला हसणारा समाज त्याला सल्ला देत नाही, त्याला अंधारात ढकलतो, आणि अंधारातच हे दुकान चालते. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवले ते हा अंधार दूर करण्यासाठी. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला उभा राहिला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, तरी कर्व्यांना दंड झाला. उत्तर देणाऱ्याला शिक्षा करणाऱ्या समाजात प्रश्न मिटत नाहीत. ते फसवणाऱ्याच्या दारात जातात.

६. बंदी पुरेशी नाही

आपल्याकडे १९५४ चा चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे. लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात त्याने निषिद्ध केली आहे. हा कायदा आजही गरजेचा आहे आणि तो कडकपणे राबवला पाहिजे, समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींसकट. पण जाहिरात बंद झाली म्हणून शंका बंद होत नाही.

भारतात मधुमेहाचे १०.१ कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्याच २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून पुढे आला. मधुमेहाच्या रुग्णाचे डोळे, मूत्रपिंड आणि पाय तपासावेत हे डॉक्टरांच्या अंगवळणी पडले आहे. लैंगिक अडचण आहे का, हे विचारणेही त्याच तपासणीचा भाग व्हायला हवे, आणि जिल्हा रुग्णालयापासून व्हायला हवे. रुग्ण स्वतःहून बोलणार नाही, हे गृहीत धरूनच. उत्तर ‘हो’ आले तर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, चालू औषधे आणि लक्षणांनुसार सकाळचे टेस्टोस्टेरॉन पाहावे, हृदयाची जोखीम तपासावी, आणि मग उपचार ठरवावा. मूलपेशींच्या चाचणीचे आमंत्रण आलेच तर ती भारताच्या चाचणी-नोंदवहीत नोंदलेली आहे का, हे कोणालाही संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. नोंद म्हणजे मंजुरी नव्हे. पण नोंदच नसेल तर तिथून उठून यावे.

संशोधकांकडेही एक मागणी आहे. या क्षेत्रातल्या बहुतेक चाचण्यांचे यश १९९७ पासून रूढ असलेल्या १५ प्रश्नांच्या एका प्रश्नावलीवर मोजले जाते, आणि त्या पंधराही प्रश्नांची उत्तरे पुरुषच देतो. त्याच्या पत्नीची रजोनिवृत्ती झालेली असते, योनीच्या कोरडेपणाने तिला संबंध वेदनेचे झालेले असतात, त्यावर साधे परिणामकारक उपचार असूनही तिला ते कोणी सुचवलेले नसतात. पतीची ताठरता परत आणून तिची वेदना वाढवणाऱ्या उपचाराला आजच्या मोजमापात पूर्ण गुण मिळतात. मूलपेशींची पुढची चाचणी आखणाऱ्यांनी तिलाही विचारावे, आणि तिचे उत्तर निकालात धरावे.